सहा फेब्रुवारी : गळा कुणाचा, नाव कुणाचे



शाळेच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात वार आणि तारीख लिहायची, आणि तिच्याखाली एका ओळीत त्या दिवसाचे विशेष लिहायचे, ही रीत आपल्याकडे फार जुनी. मीही ती पुष्कळ वर्षे पाळली. कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी, कुठे लढाई झाली, कुठे तह झाला. मुले ती ओळ उतरवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावरून फडके फिरले की विसरून जातात. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्या ओळीत सगळे काही येते, पण गाणे येत नाही. आणि मुलांना तर दिवसभर तोंडात गाणेच असते.

एका वर्षी सहा फेब्रुवारीला माझ्या वर्गातल्या एका मुलीने उभे राहून विचारले, "गुरुजी, गाण्याच्या बाबतीत आज काय घडलं होतं?" प्रश्न अवघड होता, पण तारीख भाग्याची निघाली. मी तिला तीन गोष्टी सांगितल्या. चौथी तेव्हा अजून घडायची होती. आज त्या चारही गोष्टी तुम्हांला सांगाव्या म्हणतो. सनावळीच्या क्रमाने मात्र जात नाही; जिथे आपले घर जवळ आहे तिथून सुरुवात करतो.

साल १९३२. त्या वर्षीच्या सहा फेब्रुवारीला मुंबईत 'अयोध्येचा राजा' हा बोलपट लागला. मराठीतला हा पहिला बोलपट. काढला होता कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने आणि दिग्दर्शक होते व्ही. शांताराम. हिंदुस्थानातला पहिला बोलपट 'आलम आरा' मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकला १४ मार्च १९३१ रोजी. म्हणजे वर्षाच्या आतच मराठी माणूस पडद्यावर बोलू लागला, आणि बोलू लागला तो गातगातच. प्रभातने हीच कथा हिंदीतही घेतली होती.

कथा राजा हरिश्चंद्राची. आता इथे जरा थांबा, कारण गंमत आहे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी आपल्याकडचा पहिला मोठा मूकपट काढला, तोही हरिश्चंद्राचाच. त्या मूकपटात तारामतीचे काम करायला बाई मिळेना. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या, खानावळीत काम करणाऱ्या तरुणाला लुगडे नेसवून उभे करावे लागले. तेव्हा चित्र मुके होते, म्हणून ते खपूनही गेले. पुढे एकोणीस वर्षांनी तीच तारामती पडद्यावर आली ती दुर्गाबाई खोटे यांच्या रूपाने. चांगल्या घरची शिकलीसवरलेली बाई सिनेमात उतरते, याचा त्या काळी केवढा गवगवा झाला असेल याची कल्पना करा. आणि नुसती उतरली नाही, तर स्वतःच्या गळ्याने गायिली. बाळाला निजवतानाचे तिचे गीत हे तिचेच. उसना आवाज नाही.

उसना आवाज त्या वेळी घेताच येत नसे. चित्र आणि आवाज एकाच वेळी टिपले जात. नट कॅमेऱ्यापुढे उभा राहून गाणार. तबलजी, पेटीवाले, सारंगिये कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा बेताने आडोशाला बसणार, कधी भिंतीमागे, कधी झाडामागे. मायक्रोफोन कुठेतरी दडवलेला. नटाने मान वळवली की आवाज लांब जायचा. कुणी खोकले, की पुन्हा पहिल्यापासून! अशा कामाला गाता गळा असलेलाच माणूस लागे. म्हणून हरिश्चंद्राच्या भूमिकेत कोण उभे राहिले? गोविंदराव टेंबे. तेच नायक, आणि बोलपटाचे संगीतही त्यांचेच.

गोविंदराव हे कोल्हापूरकडचे. पेटीवर त्यांचा हात असा, की भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाची साथ त्यांनी केली. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्या. आमच्याकडच्या जुन्या माणसांना गोविंदरावांचे नाव ठाऊक नसले, तरी 'मानापमाना'तले एखादे पद तोंडपाठ असायचे. चाल राहते, चाल बांधणारा मागे पडतो. पण 'अयोध्येचा राजा'त तसे नव्हते. जो पडद्यावर दिसे तोच गात असे, आणि जो गात असे त्याचेच नाव जाहिरातीत असे. गळा, चेहरा आणि नाव ही तिन्ही एकाच माणसाची होती.

या बोलपटात आणखी एक पोरसवदा नट होता. नारदाच्या वेषात. त्याचे नाव मास्टर विनायक. हे नाव तेवढे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

ही तिन्ही एकत्र नांदली ती फार थोडी वर्षे. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव' या बोलपटात नवी रीत आणली. गाणे आधी स्वतंत्रपणे टिपून घ्यायचे, आणि मग ते वाजवून नटाने त्यावर नुसते ओठ हलवायचे. यालाच आपण पार्श्वगायन म्हणतो. कामाच्या दृष्टीने सोय मोठी झाली. बसका गळा असलेला देखणा नट चालू लागला, आणि दिसायला बेताचा पण सुरेल गळ्याचा माणूसही चालू लागला. पण गाणाऱ्याचे नाव मात्र या सोयीत कुठेतरी हरवले. पडद्यावर जी दिसते तीच गाते, असे खेड्यातला भाबडा प्रेक्षक खुशाल समजू लागला. आणि भाबड्यालाच कशाला हसायचे? पुढे आपण पाहू, की तबकडीवर नाव छापणाऱ्यांनीही तेच केले.

आता दुसरी गोष्ट. ही माणसाच्या जन्माची आहे. सहा फेब्रुवारी १९१५ रोजी उज्जैनजवळच्या बडनगर गावी रामचंद्र द्विवेदी यांचा जन्म झाला. हे नाव तुम्ही ऐकले नसेल. पण 'कवी प्रदीप' म्हटल्यावर ओळख पटेल. बाँबे टॉकीजमध्ये ते गीते लिहू लागले तेव्हा हे एवढे लांबलचक नाव सिनेमाला सोयीचे नाही म्हणून 'प्रदीप' झाले. पुढे प्रदीपकुमार नावाचा नट प्रसिद्धीला आला आणि टपालाची गल्लत होऊ लागली. याची पत्रे त्याच्याकडे, त्याची याच्याकडे. तेव्हा ओळख पटावी म्हणून त्यांनी नावामागे 'कवी' जोडले, असे सांगतात. पोस्टमनच्या सोयीसाठी मिळालेली ही पदवी आहे, पण शोभली त्यांना!

हे प्रदीपजी नुसते प्रेमगीते जुळवणारे कवी नव्हते. १९४३ साली 'किस्मत' बोलपट आला. 'चले जाव'ची चळवळ पेटून जेमतेम काही महिने झाले होते, पुढारी तुरुंगात होते. या बोलपटात प्रदीपजींनी परक्यांना आपल्या देशातून दूर व्हायला सांगणारे गीत घातले. सेन्सॉरच्या समाधानासाठी त्यात नावे मात्र जर्मनांची आणि जपान्यांची. लढाई त्यांच्याशीच चालली होती ना, मग सरकार काय बोलणार? पण थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला कळत होते, की हा परका कोण. लोक ते गाणे पुन्हापुन्हा लावायला लावत. सरकारच्याही ते उशिरा का होईना ध्यानात आले आणि प्रदीपजींना काही काळ दडून राहावे लागले. चाल अनिल विश्वास यांची होती. कलकत्त्याला हे चित्र तीन वर्षांहून अधिक काळ एकाच थिएटरात चालू राहिले.

आणि मग १९६२ आले. चीनशी झालेल्या लढाईत आपले सैनिक हिमालयाच्या बर्फात पडले. देशभर एक विषण्णता पसरली होती. त्या वेळी प्रदीपजींनी एक गीत लिहिले. त्याची पहिली ओळ त्यांना माहीमच्या समुद्रकाठी फिरताना सुचली, जवळ कागद नव्हता म्हणून सिगारेटच्या पाकिटातल्या कागदावर ती टिपून ठेवली, अशी हकिकत आहे. चाल लावली सी. रामचंद्र यांनी. हे आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, रामचंद्र नरहर चितळकर. म्हणजे लिहिणारेही रामचंद्र आणि चाल लावणारेही रामचंद्र. आणि दोघांनाही लोक ओळखतात ते भलत्याच नावाने. गायिल्या लता मंगेशकर. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान पंडित नेहरू यांच्यासमोर त्यांनी ते म्हटले. पंडितजींच्या डोळ्यांत पाणी आले, हे सगळ्या देशाला माहीत आहे. प्रदीपजी मात्र त्या दिवशी तिथे नव्हते. ज्याने शब्द लिहिले, तो मुंबईत होता.

मी तेव्हा चौथीत होतो. आमच्या चावडीवर पंचायतीचा रेडिओ असे, त्याला बाहेर कर्णा लावलेला. काही दिवसांनी ते गीत त्या कर्ण्यातून ऐकू आले. पारावर बसलेली माणसे उठून उभी राहिली. उभे राहा असे कुणी सांगितले नव्हते. आमच्या गावचा एक जण सैन्यात होता आणि त्याचे पत्र तीन महिने आले नव्हते. त्याची आई दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती. (पत्र पुढे आले. माणूसही आला.) गाणे कुणाचे हे तेव्हा कुणी विचारले नाही. या गीतापासून मिळणारे पैसे रणात पडलेल्या जवानांच्या विधवांना मिळावेत, अशी प्रदीपजींची इच्छा होती. ती पुरी होण्यासाठी प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि तिथून हुकूम झाला २००५ साली. प्रदीपजी १९९८ सालीच गेले होते.

तिसरी गोष्ट सातासमुद्रापलीकडची. जमैका म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. गोव्याच्या दिलीप सरदेसायांनी १९७१ च्या फेब्रुवारीत तिथल्या किंग्स्टनला २१२ धावा काढल्या, तेव्हा आपल्याकडे रेडिओला कान लावून बसलेली माणसे मला आठवतात. हे बेट उसाच्या मळ्यांचे. मळ्यांवर राबायला आधी आफ्रिकेतून गुलाम नेले आणि गुलामी उठल्यावर, १८४५ पासून, आपल्याकडूनही करारावर मजूर नेले. अशा या बेटावर, डोंगरातल्या नाइन माइल नावाच्या खेड्यात, सहा फेब्रुवारी १९४५ रोजी बॉब मार्ले जन्मला. आई काळी, अठरा वर्षांची. बाप गोरा, तिच्या कितीतरी पट वयाचा, आणि तो घरी राहिला नाही. पोर आईबरोबर किंग्स्टनच्या गरीब वस्तीत आले. तिथे वेल्डिंगच्या कामावर उमेदवारी करू लागले.

त्या वस्तीत घरोघर ग्रामोफोन कुठला? तिथे मोठमोठे कर्णे आणि ग्रामोफोन गाडीवर लादून चौकात आणत आणि रात्रभर गाणी वाजवत. आपल्याकडे जत्रेत लाउडस्पीकरवाला येतो ना, तसाच प्रकार. फरक इतकाच, की तिथे त्यातूनच नवे गायक वर आले. १९६२ साली या सतरा वर्षांच्या मुलाची पहिली तबकडी निघाली. त्याच सुमारास त्याची आणखी एक तबकडी निघाली, तीवर नाव काय छापावे? 'बॉबी मार्टेल'! मार्ले हे नाव खपणार नाही असे वाटले असेल, किंवा मार्टेल जास्त झोकदार वाटले असेल. गळा त्याचा, नाव कुणातरी काल्पनिक माणसाचे.

हे काल्पनिक नाव फार काळ टिकले नाही. पुढे त्याने मित्रांसह 'वेलर्स' हा ताफा काढला आणि रेगे नावाचे त्या बेटाचे संगीत जगभर नेले. रेगेची लय मोठी मजेदार. आपण जिथे टाळी देऊ, तिथे ती गप्प बसते आणि दोन टाळ्यांच्या मधे गिटारचा ठोका पडतो. पण ते राहू द्या. मला सांगायची आहे ती १९७८ सालची गोष्ट. जमैकात तेव्हा दोन राजकीय पक्षांच्या टोळ्या एकमेकांचे मुडदे पाडत होत्या. १९७६ च्या डिसेंबरात खुद्द मार्लेच्या घरात शिरून त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. दोन दिवसांनी तो जखमी हाताने लोकांपुढे गायिला होता. २२ एप्रिल १९७८ रोजी किंग्स्टनच्या नॅशनल स्टेडियमवर त्याने पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि त्यांचे विरोधक एडवर्ड सियागा या दोघांना व्यासपीठावर बोलावले आणि गाता गाता त्यांचे हात हातात धरून वर केले. त्याने खून थांबले असे मी म्हणणार नाही. ते थांबले नाहीत, पुढे दोन वर्षांनी निवडणुकीच्या वेळी वाढलेच. पण दोन हाडवैऱ्यांना पंगतीला बसवावे तसे एका गवयाने उभे केले, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. १९८१ साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, तो कर्करोगाने वारला. जमैकात फेब्रुवारी महिना आता रेगेचा महिना म्हणून पाळतात, त्याचे एक कारण ही सहा तारीख.

एवढे मी वर्गात सांगितले होते. ती मुलगी पुढे शिकून स्वतः शिक्षिका झाली. सहा फेब्रुवारी २०२२ ला, रविवारी सकाळी, तिचा फोन आला. "गुरुजी, रेडिओ लावलात का?" एवढेच बोलली.

लता मंगेशकर गेल्या होत्या. वयाच्या ब्याण्णव्या वर्षी, मुंबईत. आदल्याच दिवशी वसंत पंचमी, सरस्वतीची पूजा झाली होती.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले नाव काढा. मास्टर दीनानाथ मंगेशकर 'मानापमाना'त धैर्यधर रंगवीत, म्हणजे गोविंदराव टेंब्यांच्या चाली त्या घरात दिवसरात्र घुमत असणार. ते घराणे मूळचे गोव्याच्या मंगेशीचे. आडनाव गावावरून घेतलेले. मुलीचे नाव आधी हेमा होते. दीनानाथांच्या 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून ती लता झाली. १६ डिसेंबर १९४१ रोजी तिने रेडिओवर पहिल्यांदा दोन नाट्यपदे म्हटली. वडिलांनी ती घरी बसून ऐकली आणि आईला म्हणाले, की आता मला काळजी नाही. लताबाईंनीच ही आठवण सांगितली आहे. चार महिन्यांनी, २४ एप्रिल १९४२ ला, दीनानाथ वारले. घरात पाच भावंडे, थोरली ही बारा वर्षांची. अशा वेळी या कुटुंबाला हात दिला तो मास्टर विनायकांनी, 'अयोध्येचा राजा'तल्या त्या नारदाने. 'पहिली मंगळागौर' या बोलपटात तिला काम आणि गाणे मिळाले. तोंडाला रंग लावून उभे राहणे तिला मुळीच आवडत नसे. पण घर चालवायचे होते.

मग १९४९ साली 'महल' आला. खेमचंद प्रकाशांनी चाल लावलेले त्यातले एक गीत देशभर घुमू लागले. लोकांनी तबकडी हातात घेऊन पाहिली, तर गायिकेचे नाव 'कामिनी'. कामिनी कोण? बोलपटातल्या नायिकेच्या पात्राचे नाव! पडद्यावर मधुबाला, कागदावर कामिनी, आणि जिने गायिले तिचा पत्ताच नाही. श्रोत्यांनी रेडिओला पत्रांमागून पत्रे धाडली, की ही गाते कोण ते सांगा. तेव्हा रेडिओने ग्रामोफोन कंपनीकडून नाव मागवून घेतले आणि ते लोकांना ऐकवले, असे सांगितले जाते. नाव विचारण्याचे श्रेय पत्र लिहिणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्यांचे आहे.

आपल्या नभोवाणीची बाजू फार उजळ करूनही सांगायला नको. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर कैवारी. सिनेमाच्या गाण्यांना त्यांच्या काळात कात्री लागली, आणि बोलपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, म्हणून नुसते गाणाराचे नाव सांगावे असे ठरले. निर्माते रुसले, त्यांनी गाणी वाजवण्याचा परवाना काढून घेतला. लोक उठून रेडिओ सिलोनकडे गेले ते १९५७ साली विविध भारती सुरू झाल्यावरच हळूहळू परतले. पण या भांडणात एक गोष्ट आपसूक घडली. चित्राचे नाव गळाले, आणि गाणाराचे नाव घरोघर पोचले.

लताबाईंनी स्वतः तो आग्रह पुढे चालवला. फिल्मफेअरच्या पारितोषिकांत गाणाऱ्यासाठी वेगळे पारितोषिक नव्हते, तेव्हा त्यांनी समारंभात गायला नकार दिला. १९५९ साली ते पारितोषिक सुरू झाले आणि पहिले त्यांनाच मिळाले, 'मधुमती'तल्या गाण्यासाठी.

त्या रविवारी संध्याकाळी शिवाजी पार्कवर सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार झाले. दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा होता, झेंडे अर्ध्यावर आले होते. आमच्या घरी रेडिओ सकाळपासून चालूच होता. दिवे लागणीच्या सुमारास ते १९६३ चे गीत लागले. निवेदिकेने आधी तिन्ही नावे सांगितली: गायिका लता मंगेशकर, संगीत सी. रामचंद्र, कवी प्रदीप. त्या दिवशी प्रदीपजींची एकशे सातवी जयंती होती. ते मात्र तिने सांगितले नाही, म्हणून मी शेजारी बसलेल्या नातवाला सांगितले. त्याने विचारले, "आजोबा, मग वाढदिवस का पुण्यतिथी?" मी म्हटले, "दोन्ही. आधी गाणं ऐक."